रेंज गेली की गाणे का थांबते?
मुळशीच्या रस्त्यावर, विकतचे ऐकणे आणि भाड्याचे ऐकणे

पुण्याहून चांदणी चौक ओलांडून पौड रस्त्याला लागले की भूगाव, भुकूम, पिरंगुट ही गावे आता शहराचेच शेपूट वाटू लागली आहेत. दुतर्फा दुकाने, गोदामे, कारखाने. पौड हे मुळशी तालुक्याचे ठाणे. तिथपर्यंत मोबाइलला तक्रार नसते. पौड मागे पडून धरणाचे पाणी दिसू लागले की फोनवरच्या रेघा एकेक करून कमी होतात, आणि ताम्हिणीच्या झाडीत शिरल्यावर अनेक ठिकाणी एकही उरत नाही. घाट उतरून विळे, निजामपूर, माणगाव गाठेपर्यंत हा लपंडाव चालू राहतो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळांना हा रस्ता पाठ आहे. श्रीवर्धन, म्हसळा, माणगावकडची मंडळी पुण्याला दवाखान्यासाठी, कॉलेजसाठी, मालासाठी याच वाटेने येतात-जातात. मासळीच्या पिकअप गाड्या याच घाटाने चढतात. गेल्या पावसाळ्यात आम्ही अशाच एका परतीच्या, रिकाम्या पिकअपमधून पुण्याहून माणगावला गेलो. गाडीवाला भाई तरुण, बोलका. पिरंगुटला त्याने चहा पाजला, पौडला डिझेल टाकले आणि मोबाइलवर गाणी लावली. मालेगाव पॉवरलूमवाल्यांच्या गोष्टीपासून डिझेलच्या भावापर्यंत गप्पा रंगल्या होत्या. धरणाच्या कडेला एक वळण घेतले आणि गाणे अर्ध्या ओळीत अडकले. पडद्यावर नुसते चाक फिरत राहिले.

"बघा साहेब," भाई म्हणाला, "महिन्याचे पैसे भरतो. जाहिरात नको, नेट नसले तरी ऐका, असं सांगून घेतले पैसे. आणि इथं आलं की मुकं. दर खेपेला असंच."

या एका तक्रारीचा आम्ही पुढे पाठपुरावा केला. त्यातून जे कळले ते गाणी ऐकणाऱ्यांच्या उपयोगाचे आहेच, पण गाण्यांवर ज्यांचे पोट होते किंवा आहे अशा दुकानदारांच्याही उपयोगाचे आहे. संगीत ऐकावे की न ऐकावे ही चर्चा या पानाची नव्हे. ज्याला तिलावत, नात किंवा बयान ऐकायचे आहे त्याचेही यंत्र तेच आणि अडचणही तीच, म्हणून हा हिशेब सगळ्यांसाठी.

आधी भाईच्या फोनचे पाहू. त्याने पैसे भरले होते हे खरे. त्याची यादीही तयार होती, दीड-दोनशे गाण्यांची. मात्र ती यादी म्हणजे केवळ नावे होती. गाण्यापुढचे बदामाचे चिन्ह दाबले की गाणे 'आवडते' म्हणून नोंदले जाते, फोनमध्ये उतरत नाही. उतरवण्यासाठी खाली जाणाऱ्या बाणाचे वेगळे चिन्ह असते. भाईने तेही दाबले होते. तरी गाणी आली नाहीत, कारण स्पॉटिफायसारख्या ॲपमध्ये मूळ सेटिंग असे असते की डाउनलोड फक्त वायफायवर करायचे. मोबाइलच्या डेटावर करायचे असेल तर सेटिंगमध्ये जाऊन तशी परवानगी द्यावी लागते. भाईच्या घरी वायफाय नाही, गाडीत असण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे त्याची गाणी महिनोन्महिने 'वायफायची वाट पाहत' रांगेत उभी होती, आणि तो इकडे दरमहा पैसे भरत होता. ठगवले असे कोणी नाही, पण ज्या एका सोयीसाठी पैसे दिले तीच सोय पदरात पडली नाही.

हे असे का ठेवले, याला कारण आहे. गाण्याचा आकार त्याच्या आवाजाच्या दर्जावर ठरतो. सेकंदाला १६० किलोबिट या दर्जाचे चार मिनिटांचे गाणे सुमारे ४.८ एमबी भरते. ३२० ला ते दुप्पट, म्हणजे साडेनऊच्या पुढे जाते. ९६ ला तीन एमबीच्या आत राहते. म्हणजे १६० च्या दर्जाने ३०० गाणी उतरवली तर जवळजवळ दीड जीबी. ज्याला रोजचा दीड-दोन जीबी डेटा मिळतो त्याचा पूर्ण दिवस त्यात जाईल, आणि मग ॲपला शिव्या बसतील. म्हणून कंपनीने कुलूप घालून ठेवले आणि किल्ली ग्राहकाच्या हाती दिली. किल्ली आहे हे मात्र कोणी सांगितले नाही.

उलट बाजूने पाहिले तर एकदा उतरवलेले गाणे शंभर वेळा ऐकले तरी डेटा लागत नाही. जो चालक रोज सहा तास गाणी किंवा बयान ऐकतो, त्याचा १६० च्या दर्जाने रोज सव्वाचारशे एमबीच्या पुढे खर्च होतो. यूट्यूबवर चित्रासकट लावून फोन उलटा ठेवणारे तर याच्या कितीतरी पट घालवतात. बॅटरीचेही तसेच. रेंज कमी असली की फोन टॉवर शोधण्यासाठी जास्त जोर लावतो. ताम्हिणीत फोन गरम होतो आणि चार्जिंग भराभर उतरते ते त्यामुळेच. गाणी उतरवलेली असतील तर फोन विमान मोडवर टाकावा आणि ब्लूटूथ तेवढे पुन्हा चालू करावे. गाणी चालतात, बॅटरी टिकते. फोन येणार नाही, पण तो घाटात एरवी तरी कुठे येतो?

भाईचा दुसरा प्रश्न जास्त मुद्द्याचा होता. "उतरवलं ना, मग ते पेन ड्राइव्हमध्ये का जात नाही? पैसे दिलेत मी."

याचे उत्तर व्यापाराच्या भाषेतच द्यावे लागते. जुन्या काळी आपण कॅसेट घेत असू. फिलिप्स कंपनीने १९६३ मध्ये ही कॅसेट बाजारात आणली. आपल्याकडे १९८० च्या दशकात गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने भाव पाडले आणि एचएमव्हीची वर्षानुवर्षांची मक्तेदारी मोडली. तेव्हापासून कॅसेट गावोगाव, उरुसाच्या बाजारात, एसटी स्टँडच्या टपरीवर जाऊन पोचली. कव्वाल्यांच्या आणि नातच्या कॅसेटी कित्येक घरांत अजून ट्रंकेत असतील. ती कॅसेट आपली होती. शेजाऱ्याला द्या, विका, फेकून द्या. आजचे मासिक वर्गणीचे गाणे मात्र विकत मिळत नाही, भाड्याने मिळते. फिकहची परिभाषा जाणणारे वाचक म्हणतील की तो व्यवहार 'बय'चा नाही, 'इजारा'चा आहे. भाडे थांबले की खोली रिकामी करायची.

म्हणूनच ॲपमधून उतरवलेली फाइल फोनमध्ये असते, पण सांकेतिक लिपीत बंद असते. ती उघडण्याची किल्ली त्या ॲपकडे, त्या खात्यापुरती. पेन ड्राइव्हवर नकलून नेली तरी गाडीच्या टेपला ती वाचता येणार नाही. किल्लीलाही मुदत असते. स्पॉटिफायच्या नियमानुसार ३० दिवसांतून एकदा तरी नेटवर यावे लागते, नाहीतर उतरवलेली गाणी जातात. एका उपकरणावर १०,००० गाणी आणि अशी जास्तीत जास्त ५ उपकरणे, ही मर्यादा आहे. यूट्यूबच्या सशुल्क सेवेतही साधारण महिन्याभरात एकदा नेटशी गाठ घालून द्यावी लागते. महिन्याच्या या हजेरीमागे दोन हिशेब असतात. ग्राहकाने पैसे भरले आहेत का हे तपासले जाते, आणि नेट नसताना कोणते गाणे किती वेळा वाजले त्याची फोनने ठेवलेली नोंद कंपनीकडे जाते. त्या नोंदीवर गायकाचा आणि हक्कदाराचा पैसा ठरतो. घाटात वाजलेले गाणे माणगावला पोचल्यावर हिशेबात जमा होते, असे म्हणा ना.

भाड्याच्या घराचा आणखी एक धोका असतो. मालकच दुकान बंद करतो. गूगलचे प्ले म्युझिक २०२० मध्ये बंद झाले. रेसो नावाचे ॲप जानेवारी २०२४ अखेर भारतातून गेले. एअरटेलचे विंक, जे २०१४ पासून आपल्याकडे घरोघर होते, ते २०२४ मध्ये गुंडाळण्याचे कंपनीने जाहीर केले. ज्यांनी हजारो गाण्यांच्या याद्या तिथे जमवल्या होत्या त्यांना नवे घर शोधावे लागले. कधी दुकान चालू राहते, पण कपाटातला माल नाहीसा होतो. मार्च २०२३ मध्ये स्पॉटिफाय आणि झी म्युझिक यांचा करार पुढे न गेल्याने झीची गाणी तेथून निघाली. अशा वेळी 'मी तर उतरवून ठेवले होते' हे म्हणणे चालत नाही.

आता या रस्त्यावरच्या दुकानदारांकडे वळू. परतीच्या खेपेला आम्ही पौड रस्त्यावरच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मुद्दाम बसलो. दुकानदार पन्नाशीचे, आम्ही त्यांना चाचा म्हणू. नाव देत नाही, आणि ते का हे पुढे कळेल. काचेवर अजून अर्धवट खरवडलेली अक्षरे आहेत: 'गाणी भरून मिळतील.' २०१० च्या आसपास हा धंदा तेजीत होता. साधे कीपॅड फोन, त्यात मेमरी कार्ड, आणि दुकानातल्या संगणकात हजारो गाणी. वीस-तीस रुपयांत कार्ड गच्च भरून मिळे. ट्रकवाले, वीटभट्टीवाले, पिरंगुटच्या कारखान्यांतले कामगार, सगळे रांगेत. "त्या पैशांवर दुकानाचं भाडं सुटायचं," चाचा म्हणाले. "रिपेरिंगचा पैसा घरी जायचा."

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि ही रांग काही महिन्यांत मोडली. तरी पुरती नाही. ज्याच्या वाटेवर रेंज नाही तो गिऱ्हाईक आजही पेन ड्राइव्ह पुढे करतो. चाचांनी दोन वर्षांपूर्वी ते काम बंद केले. कारण भीती. आणि ती भीती रास्त आहे, हे आमच्या दुकानदार वाचकांना स्पष्ट सांगितले पाहिजे.

कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याच्या कलम ६३ खाली जाणूनबुजून हक्कभंग करणाऱ्याला ६ महिने ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. फौजदाराच्या म्हणजे उपनिरीक्षकाच्या दर्जाचा अधिकारी वॉरंटाशिवाय नकला आणि त्या करण्याचे साहित्य जप्त करू शकतो. दुकानदाराच्या बाबतीत ते साहित्य म्हणजे संगणक. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नि:संदिग्ध सांगितले की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. वीस रुपयांच्या कामासाठी अजामीनपात्र गुन्हा, हा सौदा कोणत्याही हिशेबात बसत नाही. 'गाणे जुने आहे, आता कोणाचे नाही' हेही खरे नसते. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षे चालतो, आणि शब्द व चाल यांच्यावरचा हक्क तर कवी-संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. ॲपचे कुलूप तोडून गाणी बाहेर काढून देणारी साधने गावभर फिरत असतात. २०१२ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम ६५ अ मध्ये हक्कभंगाच्या हेतूने असे कुलूप तोडण्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे.

दुसरा वर्ग हॉटेलवाल्यांचा. मुळशीच्या पाण्याभोवती पावसाळ्यात पर्यटकांची झुंबड उडते. ढाबे, भजी-मक्याच्या टपऱ्या, राहण्याची ठिकाणे. मालकाच्या फोनवर वर्गणीची गाणी उतरवलेली, आणि ती मोठ्या स्पीकरवर सर्वांना. बहुतेकांना वाटते, पैसे भरले आहेत मग काय हरकत? हरकत अशी की ही वर्गणी खासगी ऐकण्यापुरती असते. धंद्याच्या जागी लोकांना ऐकवायचे तर हक्कदारांचा वेगळा परवाना लागतो. तो ध्वनिमुद्रणासाठी पीपीएलसारख्या आणि शब्द-संगीतासाठी आयपीआरएससारख्या संस्था देतात. लग्नाच्या वरातीला आणि लग्नाशी संबंधित समारंभांना कायद्यात सूट आहे. ती सूट कुठवर ताणायची यावर मात्र कज्जे चालूच आहेत. गोवा सरकारने काढलेले त्याबाबतचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट २०२४ मध्ये रद्द केले. मंगल कार्यालयवाल्यांनी ऐकीव माहितीवर न राहता वकिलाला विचारलेले बरे.

मग रेंज नसलेल्या वाटेवर सरळ मार्गाने ऐकायचे कसे? तीन वाटा आम्हाला दिसतात. पहिली वर्गणीची, पण नीट वापरून. दुसरी वाट मालकीची. तिलावतीच्या बाबतीत ही सर्वांत सोपी, कारण अनेक कारींच्या संपूर्ण कुरआनच्या ध्वनिफिती उतरवून घेण्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या असतात. तशी साधी फाइल पेन ड्राइव्हवर जाते, गाडीच्या टेपवर वाजते आणि महिन्याची हजेरी मागत नाही. कुठून उतरवतो त्या ठिकाणी परवानगी लिहिली आहे का, एवढे पाहावे. तिसरी वाट सारेगामाने २०१७ मध्ये दाखवली. त्यांच्या कारवाँ नावाच्या रेडिओसारख्या दिसणाऱ्या पेटीत ५,००० जुनी गाणी आधीच भरलेली, नेट नको, ॲप नको. स्वस्त डेटाच्या ऐन भरात ही पेटी लाखांनी खपली. वडीलधाऱ्यांना बटण फिरवायचे असते, खाते उघडायचे नसते, हे त्या कंपनीने ओळखले. जुना माल नव्या डब्यात घालून विकण्याचे इतके चांगले उदाहरण अलीकडे आमच्या पाहण्यात नाही.

गाणाऱ्यांसाठीही एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्याकडचे नातख्वाँ, कव्वाल आपली ध्वनिमुद्रणे आता या ॲपवर चढवतात. ३० सेकंद ऐकले गेले की एक मोजणी होते, नेट नसतानाची मोजणीही नंतर धरली जाते. पण स्पॉटिफायने २०२४ पासून असा नियम केला की १२ महिन्यांत १,००० पेक्षा कमी वेळा वाजलेल्या ध्वनिमुद्रणाला काहीच पैसे नाहीत. म्हणजे दहा चीजा चढवून प्रत्येकी पाचशे श्रोते मिळवण्यापेक्षा पाच चीजा चढवून प्रत्येकी हजार मिळवलेले फायद्याचे. उरुसात रोख हातात पडायचे, त्या मानाने हा पैसा फारच पातळ आहे, हे वेगळे सांगायला नको.

तालुका तोच, मुळशीच. एका टोकाला हिंजवडी, माण. तिथल्या आयटी पार्कमध्ये जगभरच्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअर लिहिले जाते. दुसऱ्या टोकाला फोनवर बोलायला उंचवट्यावर चढावे लागते. मुळशीला हे नवीन नाही. शंभर वर्षांपूर्वी टाटांच्या धरणाने इथली गावे पाण्याखाली गेली, सेनापती बापटांनी १९२१ पासून सत्याग्रह केला, आणि त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला तयार झालेली वीज मुंबईला गेली. ज्या रानातून तारा जातात तिथे दिवा उशिरा लागतो. केंद्र सरकारने जुलै २०२२ मध्ये देशातल्या २४,६८० रेंजविना गावांसाठी फोर-जीची २६,३१६ कोटींची योजना मंजूर केली. ताम्हिणीच्या वळणावळणांना मात्र डोंगरच आडवा येतो. टॉवर उभा राहिला तरी लहर दगडातून जात नाही.

चाचांनी मधल्या काळात एक युक्ती काढली आहे. दुकानात वायफाय आहेच. गिऱ्हाईक स्वत:च्या खात्याने, स्वत:च्या वर्गणीने गाणी उतरवतो. चाचा फक्त सेटिंग लावून देतात, दर्जा १६० वर आणतात, जागा मोकळी करतात आणि शेवटी फोन विमान मोडवर टाकून गाणे वाजवून दाखवतात. वाजले तरच पैसे. एकही गाणे दुकानाच्या संगणकातून जात नाही, त्यामुळे भीती नाही. महिन्याने गिऱ्हाईक पुन्हा येतो, कारण नवी गाणी हवी असतात. स्क्रीनगार्ड, चार्जरही त्याच फेरीत खपतो. जुन्या रांगेच्या चौथाईही नाही, पण दर शुक्रवारी दुपारनंतर चार-पाच गाड्या थांबतात, असे ते म्हणाले.

आमच्या भाईला आम्ही हा पत्ता दिला. पुढच्या खेपेला तो तिथे अर्धा तास थांबला आणि दीडशे गाणी व सूरह यासीनची तिलावत घेऊन निघाला. रात्री त्याचा फोन आला. ताम्हिणीत सगळे वाजले, एकदाही अडकले नाही. फक्त विमान मोड काढायला तो विसरला होता, आणि म्हसळ्याला पोचल्यावर कळले की मासळीच्या व्यापाऱ्याचे सात फोन येऊन गेले होते.